पहिला गिलास आपला

आबा, आज सकाळी तुमच्या नातीनं माझ्या हातात रसाचा गिलास दिला. गाजर, काकडी, थोडं बीट, पालकाची चार पानं, वर लिंबू. दुधी नव्हता. दुधी आपल्या घरात येत नाही. गेल्या महिन्यात मलाही साखर निघाली, तुमच्यासारखीच, पायाची जखम भरेना म्हणून. ती लेकराला घेऊन माहेरपणाला आली आहे आणि आल्या दिवसापासून तिनं माझं पथ्य ताब्यात घेतलं आहे. नवा मिक्सर आणला, बारीक जाळीची गाळणी आणली, कोणत्या वारी काय घालायचं याचा कागद फ्रिजवर चिकटवला. मी गिलास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू पेली का आधी?" वीस वर्षांत हे शब्द मी उच्चारले नव्हते. ती ओटा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "हो बाबा, पेले." मी गिलास घेऊन मोरीकडं गेलो, रस ओतून दिला आणि वरून नळ सोडला. तिला सांगितलं, छान झाला होता.

हा प्रश्न तुमचा आहे. तुम्ही तो मला शेवटचा विचारला तेव्हा मी खोटं बोललो, तुम्ही त्या उत्तरावर विसंबून गिलास संपवला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. गोष्ट एवढीच आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही, तुमच्या सुनेलाही नाही. आता मायलेकी बाजारात गेल्या आहेत, लेकरू झोपलं आहे. त्या येईपर्यंत लिहून होईल असं वाटतं.

शहागडची रसवंती मला अजून जशीच्या तशी दिसते. ब्याऐंशीचा उन्हाळा असेल, मॅट्रिकची परीक्षा देऊन मी रिकामा होतो. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं, सडकेला लागून आपला पाचटाचा मांडव, मधोमध लाकडी चरक आणि त्याला जुंपलेला तो एका शिंगाचा बैल. त्याच्या गळ्यातली घुंगरं वाजायला लागली की ट्रकवाले लांबूनच गाडी हळू करायचे. सकाळी उसाची मोळी उतरली की तुम्ही तिच्यातला एक ऊस ओढायचा, कोयत्यानं शेंडा उडवायचा, बुडखा उडवायचा, मधलं एक पेर दातानं सोलून चावायचं आणि थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. मग चरक फिरणार. आणि पहिला गिलास निघाला की तो तुम्ही स्वतः प्यायचा. शेजारचे रसवंतीवाले पहिला गिलास देवाच्या नावानं सडकेवर शिंपडायचे. तुम्हाला कुणी त्यावरून टोकलं की म्हणायचात, "देवाला पाजून काय कळणार हाय? देव काय पोट धरून बसत न्हाई. पहिला गिलास आपला, मंग गिऱ्हाइकाचा." लोक म्हणायचे, ह्याला रस विकायचा न्हाई, ह्याला पेयाचाच होता म्हणून ह्यानं धंदा टाकला. तुम्ही त्यांच्यापेक्षा जोरात हसायचात.

त्याच उन्हाळ्यातला एक दिवस. तुम्ही बैलाला नदीवर नेलं आहे, मांडवात मी एकटा आहे आणि एसटी येऊन थांबते. पंधरा-वीस माणसं एकदम उतरतात. आदल्या दिवशीचा ऊस कोपऱ्यात पडलेला, तोच हाताला आला. दुसरा बैल नव्हता म्हणून चरकाचा दांडा मी स्वतः ओढला, आलं-लिंबू जरा जास्तच टाकलं आणि गिलास वाटायला लागलो. एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "लेकरा, आंबूस लागून राह्यला रे ह्यो." तेवढ्यात तुम्ही आलात. बैलाची दोरी हातातच होती. मला विचारलंत, "तू पेला का आधी?" मी म्हणालो, "न्हाई." तुम्ही पातेलं उचललंत आणि अख्खं सडकेच्या कडेला उपडं केलंत. लोकांच्या हातातले गिलास परत घेतलेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तुम्ही त्याला हातानं थांब म्हणालात, नवा ऊस काढलात, बैल जुंपलात आणि पहिला गिलास भरून माझ्यापुढं धरलात. "पे."

सगळी एसटी माझ्याकडं बघत होती. मी प्यालो. गिलास काही केल्या संपेना. तुम्ही मग म्हातारीला तिचा गिलास आपल्या हातानं दिलात आणि माझ्याकडं न बघता बोललात, "गिऱ्हाईक रसाकडं बघून पेत न्हाई. आपल्या तोंडाकडं बघून पेतं." त्यापेक्षा मार परवडला असता. पण संध्याकाळी तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, घरी आईलाही सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी खरं सांगितलं होतं, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

पुढं मला जालन्यात बियाण्याच्या कंपनीत गोदामावर कारकुनी मिळाली. निघायच्या दिवशी तुम्ही पंच्यात गुंडाळून काहीतरी आणलंत. मला वाटलं पेढे असतील. तो तुमचा गिलास होता, जाड बुडाचा, कडेला एक बारीक चरा गेलेला. तुम्ही रोज पहिला रस ज्यातून प्यायचात तो. म्हणालात, "शेहरात कोण काय पाजंल त्याचा भरोसा न्हाई. हाती आलं की आधी वास घेत जा." मला तेव्हा थोडी लाज वाटली होती, काचेचा जुना गिलास म्हणजे काय भेट झाली. लग्नानंतर तुमच्या सुनेनं त्यात चमचे ठेवले. पुष्कळ वर्षं तो गॅसच्या शेगडीशेजारी चमचे घेऊन उभा होता आणि मी रोज त्याच्याजवळून जात होतो.

आई गेल्यावर तुम्ही रसवंती बंद केलीत आणि आमच्याकडं आलात. बैल आधीच गेला होता. तुमच्या पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली, ती चिघळत राहिली, तपासलं तर साखर. गावाकडची माणसं भेटायला आली की तोच विनोद करायची, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, आबा. तुम्हीही म्हणायचात, "लोकाला पाजून जे उरलं ते सारं माझ्या अंगात बसलं बघा." चहा बिनसाखरेचा झाला, भात सुटला. तुम्ही कशाचीही कुरकूर केली नाहीत. रस्त्यावरून जाताना कुठं घुंगरं वाजली तर तेवढी मान वळायची.

त्या सुमाराला सगळ्या जालन्याला भाज्यांच्या रसाचं वेड लागलं होतं. सकाळी टीव्ही लावला की कुणीतरी दुधीचा रस सांगायचं, फिरायला जाणारे शेजारी एकमेकांना प्रमाण विचारायचे. मी मनावर घेतलं. मिक्सर घरात होता, लग्नात आलेला. पहिल्या दिवशी तो चालू केला तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसला होतात. म्हणालात, "बैल न्हाई, घुंगरू न्हाई, निस्तं बोंबलून राह्यलंय हे." पण दोन दिवसांत तुम्ही त्या कामाचे मालक झालात. गाजर आधी, ते कडक. मग दुधी, सालीसकट नको, साल काढून. काकडी शेवटी, तिचं पाणी सुटतं. वर चिमूटभर आवळ्याची पूड. कोथिंबीर-पुदिना अगदी एकदाच फिरवायचा, न्हाईतर गवताचा वास येतो. गाळायला गाळणी नको, मलमलचं फडकं, आणि पिळायचं ते एका दमात. तुमचे हात तेव्हा थरथरायचे म्हणून पिळायचं काम माझ्याकडं होतं. चोथा तुम्ही टाकू द्यायचा नाहीत, रोज वाटीत भरून शेजारच्या बाईच्या शेळीला नेऊन घालायचात. आणि गिलास? चमचे काढून तुम्ही तो घासून घेतलात आणि म्हणालात, ह्याच्यातच दे.

पहिल्या सकाळी मी गिलास तुमच्यापुढं धरला तर तुम्ही हात पुढं केला नाहीत. "तू पेला का?" मी म्हणालो, आबा, हे काय दुकान आहे का. तुम्ही थांबून राहिलात. मी अर्धी वाटी प्यालो. मग तुम्ही घेतलात. पुढं रोज तसंच. मी आधी प्यायचो, तुम्ही विचारायचात, मी "पेलो" म्हणायचो आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत गिलास संपवायचात. चांगले दिवस होते ते. तुमची साखर उतरली, जखमेवर खपली धरली. सकाळच्या त्या अर्ध्या तासात आपण जेवढं बोललो तेवढं आयुष्यात बोललो नव्हतो. बोलणं सगळं गाजराचं आणि काकडीचंच होतं, पण बोलत होतो.

तीन-चार महिन्यांनी मला त्या रसाचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर शिसारी आली. रिकाम्या पोटी तो हिरवा वास नको वाटायचा. एका सकाळी उशीर झाला होता, मी न पिताच गिलास दिला. तुम्ही विचारलंत, मी "पेलो" म्हणालो. तुम्ही प्यालात. काहीच झालं नाही. खोटं बोललो असं मला वाटलंसुद्धा नाही, जसं कुणी विचारतं जेवलास का आणि आपण हो म्हणतो. त्यानंतर मी परत कधी प्यालो नाही आणि रोज पेलो म्हणत राहिलो. तुम्ही विचारायचं मात्र कधी चुकवलं नाहीत.

तो दिवस उन्हाळ्याचा. वीज सातला जायची, त्याच्या आत मिक्सर फिरायला हवा. आदल्या संध्याकाळी गोदामावरून येताना मी रस्त्याकडेच्या ढिगातून एक दुधी उचलला होता, वाकडा, जरा ऊन लागलेला. तुमची सून भाजीला दुधी चिरताना एक फोड न चुकता जिभेला लावते, आईपण लावायची, सगळ्याच बाया लावतात. पण रसाचा दुधी माझ्याकडं होता. सात वाजायला पाच कमी असतील, ती नातीचा डबा भरत होती, मी घाईघाईनं साल काढली, तुकडे टाकले, फिरवलं, पिळलं. गिलास तुमच्या हातात दिला आणि वीज गेली. तुम्ही एक घोट घेऊन थांबलात.

"आज कडू लागून राह्यला."

मी म्हणालो, "आवळा जास्त पडला असंल."

तुम्ही गिलासाचा वास घेतलात. मग माझ्याकडं वर पाहिलंत. "तू पेला ना?"

"पेलो आबा."

"मंग ठीक हाय," म्हणालात आणि एका दमात सगळा संपवलात. तळाशी राहिलेला साका बोटानं फिरवून तोही घेतलात. जो माणूस पेर चावून सांगायचा की हा ऊस काल तोडलेला की परवा, त्याच्या जिभेनं त्याला सांगितलं होतं. त्यानं जिभेचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. चोथ्याची वाटी घेऊन तुम्ही शेळीकडं गेलात. शेजारच्या बाईनं नंतर सांगितलं, शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तुम्ही परत आलात ते पोट धरून. अर्ध्या तासात ओकाऱ्या सुरू झाल्या, मग जुलाब, मग ओकारीत रक्त दिसलं. रिक्षात तुम्ही माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतंत. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, मी रसाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आणखी कोण प्यालं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. तुम्हाला श्वास पुरत नव्हता. "ह्यो पेला. माझ्या आधी पेला ह्यानं. आधी ह्याला बघा साहेब." डॉक्टर माझ्याकडं वळले. माझ्या अंगाला घाम फुटला होता. त्यांनी नाडी धरली, म्हणाले तुम्हीपण पडा. नर्सनं शेजारची खाट दाखवली. मी पडलो, आबा. एवढंच म्हणायचं होतं की मी प्यालो नाही. तीन शब्द. मी बाही वर केली आणि हात पुढं केला.

दिवसभर आपण शेजारी शेजारी होतो. तुम्हाला एक बाटली, मला एक बाटली. माझ्या पोटात सकाळचा चहा होता, साखरेचा, आणि दोन टोस्ट. तुमची सून आली, तुमच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. तुम्ही कुशीवर वळून माझ्या बाटलीकडं बघत होतात. ओकारी आली की पालथे व्हायचात, आणि झालं की परत इकडं वळायचात. नर्सला म्हणालात, "ह्याचे थेंब बराबर पडून राह्यलेत का बघा जरा." मला विचारलंत, "पोटात आग हुतीय का रं?" मी म्हणालो, थोडी. संध्याकाळी डॉक्टरांनी मला उठवून बसवलं, सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे तुमचा. तुम्ही पडल्या पडल्या हात जोडलेत. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतके खूश तुम्ही माझी नोकरी लागली तेव्हाही नव्हतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही गेलात. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मला रडू आलं नाही. हाताच्या मागं सुईची जागा निळी पडली होती, मी ती दाबत होतो.

दहाव्याला गोदावरीवर सगळं गाव आलं होतं. लोक म्हणत होते, बापानं लेकावरचं आपल्यावर घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, कुणीतरी मला सावलीत बसवलं, अशक्तपणा असेल म्हणून लिंबूपाणी दिलं. मी ते घेतलं. तुमच्या सुनेनं एकदाच विचारलं, "तुम्हाला कडू लागला न्हाई का हो?" मी म्हणालो, लागला, पण वाटलं आवळा असेल. ती म्हणाली, "मी चिरला असता तर चाखला असता." तेव्हापासून तिनं घरात दुधी येऊ दिला नाही, आणि वीस वर्षं ती हे ओझं वागवते आहे की डबा भरण्याच्या नादात तिनं दुधी चाखला नाही. मी तिला एकदाही म्हणालो नाही की तुझा काही दोष नाही. म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, मग कुणाचा. पाण्याचा ताण पडला की दुधीत कडूपणा उतरतो, ते विखारी असतं, हे मला आमच्याच कंपनीतल्या शेतीच्या साहेबांनी पुढं कधीतरी समजावलं. मी मान हलवत ऐकून घेतलं आणि पोत्यांची मोजणी करायला गेलो. लोक विचारतात दुःख किती झालं असेल. मला ते सापडत नाही. आत काहीतरी बधिर होऊन बसलं आहे, दाताला सुई दिल्यावर गाल होतो तसं. ती सुई अजून उतरलेली नाही.

तुमचा गिलास आहे. कालपर्यंत परत त्यात चमचे होते. आज सकाळी नातीनं चमचे काढून तो धुतला, म्हणाली, बाबा, हा छान जड आहे, रोज यातच देत जाईन. उद्या ती तो परत भरून आणेल. मी विचारलं तर ती हो म्हणेल, वर न बघता, मी म्हणायचो तसं. तिला सांगायला पाहिजे की बाई, माझ्यादेखत एक घोट आधी तू घे, आणि कडू लागला तर ओतून दे. पण का, असं ती विचारेल. तिची आईही तिथंच उभी असेल. मी अजून ठरवलेलं नाही. फाटक वाजलं, बाजारातून आल्या वाटतं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून गोदामाच्या जुन्या डायरीत ठेवीन.

एक राहिलं. त्या खाटेवर तुम्ही माझ्या बाटलीचे थेंब बघत होतात आणि मी वर छताकडं बघत होतो, तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगतो. तुम्हाला कळू नये, हे मला आधी वाटलं. तुम्ही वाचावं, हे त्याच्यानंतर वाटलं.